फोन लागत होता

शेवंताबाईंनी भावाचे दोन्ही हात माझ्या टेबलावर उताणे ठेवले आणि म्हणाल्या, "हे पाहा बाई. कालपासून आले."

तळहातांवर लालसर चट्टे होते. कानाच्या पाळ्यांवर थोडे, तळपायांवरही. खाज फारशी नव्हती, पण दाबलं की चुरचुरत होतं. सोमवारची सकाळ होती, बाहेर बाकांवर तीस-पस्तीस पेशंट बसले होते. जुलैचे दिवस. अहेरीतल्या माझ्या दहा खाटांच्या दवाखान्यात सात खाटांवर जुलाब-उलटीचे पेशंट होते. गावोगावच्या विहिरींत गढूळ पाणी उतरलं की दरवर्षी असंच होतं. मी हात पाहिले, ताप पाहिला, ॲलर्जीची गोळी लिहिली.

शेवंताबाई उठल्या नाहीत. "नागपूरच्या शिष्टरनं सांगतलं होतं बाई, हातावर चट्टे आले का तसाच फोन करा म्हणून. नंबर भरून देल्ला हाये माह्या मोबाइलात."

मी म्हणाले, "शेवंताबाई, या दिवसांत दहा जणांचे हात पाहिले तर चौघांना असे चट्टे दिसतात. घामोळं आहे. एवढ्यासाठी नागपूरला फोन केला तर ते हसतील आपल्याला."

त्यांनी मोबाइल पदरात गुंडाळला आणि भावाला घेऊन गेल्या.

या भावाचं नाव मनोहर. वय एकतीस, वनखात्यात गार्ड. दीड वर्षापूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाला, आणि तो मीच पकडला होता. थकवा येतो, हिरड्यांतून रक्त येतं, म्हणून तो आला होता. मी रक्ताची स्लाइड पाहिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला नागपूरला पाठवलं. त्या वेळी माझं फार कौतुक झालं. त्या कौतुकाचाही पुढे उपद्रवच झाला, कारण त्या घरात माझा शब्द शेवटचा ठरला.

नागपूरला केमो झाली, आणि मग स्टेम सेल ट्रान्सप्लांट. स्टेम सेल म्हणजे मूळपेशी, हाडांतल्या मगजात असतात. सगळं रक्त त्यांच्यापासून तयार होतं. आधी जबरदस्त केमो देऊन पेशंटचा स्वतःचा मगज रिकामा करतात. मग ज्याच्या पेशी जुळतात त्याच्या रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढून पेशंटच्या शिरेतून सोडतात, सलाईन सोडावी तशा. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात. मनोहरशी पेशी जुळल्या त्या मोठ्या बहिणीच्या, शेवंताबाईंच्या.

शेवंताबाईंचं गाव भामरागडच्या रस्त्यावर, जंगलात. धान, थोडी डाळ, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. शाळेत कधी गेल्या नाहीत. नवरा नाही, मूल नाही. ट्रान्सप्लांटच्या वेळी भावाजवळ त्याच राहिल्या, कारण मनोहरची बायको सरिता हिच्या पदरी लहान मुलगी होती. तिथल्या नर्सने सांगितलेली पथ्यं त्यांनी एकेक करून पाठ केली. पाणी किती उकळायचं, कोणती गोळी किती वाजता, कशावरून फोन करायचा. ट्रान्सप्लांटला तीन महिने झाले, रिपोर्ट चांगले आले आणि मनोहरला घरी जायची परवानगी मिळाली. तेव्हाही शेवंताबाई आपल्या गावी न जाता अहेरीला त्याच्याच घरी थांबल्या. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या सोमवारी मी त्यांचं ऐकलं नाही.

शुक्रवारी मनोहर जुलाबाने आला. मी भरती केलं. जुलाबाचे सात पेशंट त्या दिवशीही होते, हा आठवा. सलाईन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं. शनिवारी उलट्या सुरू झाल्या, म्हणून पोटाला आराम पडावा या हिशोबाने तोंडाने द्यायची सगळी औषधं बंद केली. त्यांत नागपूरची ती गोळी होती, जी रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. मी फाईल चाळली होती. वर 'कॅन्सर नाही' असा शेवटचा रिपोर्ट लावला होता. तो वाचून मी फाईल मिटली.

माझी नर्स वनिता रविवारी दुपारी मला म्हणाली, "म्याडम, बाकीच्यांचं तिसऱ्या दिवशी उतरते. याचं वाढूनच राह्यलं. बेडपॅन भरून जाते दर खेपेला, आन हिरवं पाणी."

मी म्हटलं, उद्यापर्यंत पाहू.

संध्याकाळी राउंडला गेले तेव्हा शेवंताबाई खाटेपाशी उभ्या होत्या. फोनचं पुन्हा काढलं. या वेळी मी जरा चिडूनच सांगितलं की जुलाबाचा इलाज नागपूरचे डॉक्टर फोनवरून वेगळा काय सांगणार आहेत. मनोहर पडल्या पडल्या बहिणीला म्हणाला, "राहू दे ना बाई. म्याडमले समजते." मला ते ऐकून बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

सोमवारी सकाळी बेडपॅनमध्ये रक्त होतं. रक्ताबरोबर पांढुरक्या झिल्ल्या होत्या, ओल्या कागदाच्या चिंध्यांसारख्या. मी हातमोजे घालून त्यातली एक उचलून पाहिली. ते आतड्याचं अस्तर होतं. तेव्हा मी मनोहरच्या हातांकडे पुन्हा पाहिलं. चट्टे एकमेकांत मिसळून तळहात सोलवटायला लागले होते.

मी नागपूरला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला गेला. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर पुष्कळ लोकांनी माझ्या वतीने सांगितलं की पावसात आपल्या भागात नेटवर्क नसतं, डॉक्टर तरी काय करणार. नेटवर्क होतं. आठही दिवस फोन लागत होता.

ट्रान्सप्लांटचे डॉक्टर माझ्याहून वयाने लहान होते. त्यांनी विचारलं, "जुलाब कधीपासून?"

"चार दिवस."

"स्किनवर काही?"

"चट्टे. आठ दिवसांपासून."

मग त्यांनी विचारलं, "इम्युनिटी दाबायची गोळी चालू आहे ना?"

"शनिवारपासून बंद आहे. उलट्या होत्या म्हणून."

ते रागावले नाहीत. स्टेरॉइडचं इंजेक्शन कोणतं, किती, किती वेळात द्यायचं, ते सांगितलं आणि म्हणाले, लगेच निघा. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

या आजाराला जी.व्ही.एच.डी. म्हणतात. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज. ग्राफ्ट म्हणजे बाहेरून आणून बसवलेलं, होस्ट म्हणजे ज्याच्या अंगात बसवलं तो. मूळपेशींबरोबर दात्याच्या रक्तातली जंतूंशी लढणारी फौजही येते. तिला हे नवं शरीर परकं वाटू शकतं. ती बहुतेक वेळा आधी कातडीवर येते, तळहात-तळपायांवर. मग यकृतावर किंवा आतड्यावर.

आतडंच का, तेही सांगते. आतड्याच्या आतल्या बाजूने पेशींचा एकच थर असतो. अन्नातलं हवं तेवढं रक्तात घ्यायचं आणि आतड्यातल्या असंख्य जंतूंना तिथेच अडवून धरायचं, ही दोन्ही कामं तो थर करतो. ट्रान्सप्लांटच्या केमोने तो आधीच विरळ झालेला असतो. त्यातून जंतूंचे अंश आत झिरपले की ती फौज चवताळते आणि त्या थरावरच तुटून पडते. थर आणखी फाटतो, झिरपणं आणखी वाढतं. एकदा हे चक्र फिरायला लागलं की थांबवणं फार कठीण. म्हणून तर तळहातावर दिसलं की फोन करा म्हणतात. मी काय केलं, तर फौजेला लगाम घालणारी गोळी थांबवली. वर जे अँटिबायोटिक दिलं, त्याने आतड्यातले उपयोगी जंतूही मारले असणार.

ॲम्ब्युलन्स यायला तासभर होता. इंजेक्शन सुरू केलं आणि मी व्हरांड्यात आले. शेवंताबाई तिथे होत्या. सरिताही मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून आली होती. शेवंताबाईंनी विचारलं, "काय झालं बाई त्याले?"

आमच्या धंद्यात शिकवतात, नातेवाइकांना सोप्या भाषेत सांगा. मी सांगितलं, "शेवंताबाई, तुमच्या अंगातून ज्या पेशी मनोहरला दिल्या ना, त्या आता त्याच्या आतड्यावर हल्ला करत आहेत. त्यांना तो परका वाटतो."

"माह्या?"

"हो. असं होतं कधी कधी. कुणाच्या हातात नसतं."

त्या म्हणाल्या, "मी त्याले कधी परका नाई समजला, बाई."

सरिताने शेवंताबाईंकडे पाहिलं आणि ती दोन पावलं बाजूला सरकली. ते मला दिसलं होतं. पेशींबद्दल मी सांगितलेल्यात एकही शब्द चुकीचा नव्हता. पण सांगून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि तिथेच मला माझं पाप कळायला हवं होतं.

वाटेत एका नाल्याचं पाणी रस्त्यावर होतं. ॲम्ब्युलन्स पाच तास थांबली. पुढे जो तो म्हणाला, पुराने घात केला. पुराचे पाच तास होते. माझे आठ दिवस होते.

नागपूरला दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला. आजार पक्का झाला, आणि शेवटच्या पायरीचा. स्टेरॉइडने चार दिवस उतार पडला, मग थांबला. दुसरं महागातलं औषध दिलं. तोंडाने पाणीही बंद, सगळं पोषण शिरेतून. मी दुसऱ्या आठवड्यात भेटायला गेले. मनोहर ओळखू येत नव्हता. बाहेर आल्यावर त्या डॉक्टरांना मी विचारलं, वेळेवर फोन आला असता तर?

ते म्हणाले, "चट्ट्यांवरच औषध वाढवलं असतं. कदाचित आतड्यापर्यंत गेलंच नसतं. कदाचित तरीही गेलं असतं."

परतताना चंद्रपूरपर्यंत मी त्यातला दुसरा कदाचित धरून बसले. तो मला पुढे बरेच महिने पुरला.

तिसऱ्या आठवड्यात आतड्यातले जंतू रक्तात पसरले आणि मनोहर गेला. त्याला त्याच्या गावात, त्यांच्या रीतीने मातीत ठेवलं. मी गेले नाही. ओपीडी होती, असं कारण स्वतःला दिलं.

वनिता शेवंताबाईंच्या शेजारच्या गावची. तिच्याकडून मला कळत राहिलं. मरणानंतरच्या गावजेवणाला शेवंताबाई आल्या तेव्हा सरिताने त्यांना दारातूनच परत पाठवलं. बहिणीचं रगत भावावर उलटलं, असं माणसं बोलत होती. मनोहरच्या मुलीला आत्याकडे जाऊ देत नव्हते. शेवंताबाई गावी परत गेल्या आणि आपलं काम करत राहिल्या. मी ऐकून घेत होते, हळहळतही होते. जाऊन काही बोलावं, असं मनात आलं की पुढचा पेशंट आत बोलवत होते.

डिसेंबरमध्ये वनिताने आणखी एक गोष्ट सांगितली. शेवंताबाईंच्या शेजारणीला बाळंतपणात रक्त लागलं. शेवंताबाईंचा गट तोच, हे ट्रान्सप्लांटमुळे गावात सगळ्यांना ठाऊक. लोक बोलवायला गेले. त्या म्हणाल्या, "माह्यं रगत कोणाले देऊ नका." आणि दार लावून घेतलं. चंद्रपूरहून रक्त येईपर्यंत बाई कशीबशी टिकली.

वनिता सांगत असताना माझ्या हातात पेन होतं. ते मी टेबलावर ठेवलं. त्या रविवारी शेवंताबाईंच्या गावी गेले.

त्या अंगणात सुपाने धान पाखडत होत्या. त्यांनी मला बसायला बाज दिली, पाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. मी सगळं सांगितलं. चट्टे मला ओळखता आले नाहीत, फोन करू दिला नाही, गोळी मी बंद केली. तुमच्या पेशींचा दोष नव्हता, पाच महिन्यांपूर्वी हे सांगायला हवं होतं, हेही.

त्या पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले मालूम हाये."

"काय मालूम आहे?"

"तुमी फोन नाई करू देल्ला, ते. मी तितीच होतो ना, बाई."

मी विचारलं, मग सरिताला का नाही सांगितलं.

"सांगतलं. तिनं म्हटलं, डाक्टर बाई खोटं बोलन का? तुमीच सांगतलं होतं ना तिच्यासमोर, माह्या पेशीनं हमला केला म्हणून."

मग मी विचारू नये ते विचारलं. नंबर तुमच्याजवळ होता, तुम्ही स्वतः फोन का केला नाही.

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी डाक्टर आहा. तुमी नाई म्हटलं त मी काऊन करू? केला असता त आज भाऊ असता. हे मी रोज म्हणतो सोताले. तुमी नोका म्हणू."

मी त्यांना म्हटलं, माझ्याबरोबर सरिताकडे चला. त्या नको म्हणाल्या. जे त्यांच्या तोंडून खोटं ठरलं ते माझ्या तोंडून खरं ठरताना ऐकायला त्यांना यायचं नव्हतं. मी एकटीच गेले.

सरिताला मनोहरच्या जागी वनखात्यात नोकरी लागायची होती, त्याचे कागद ती लावत बसली होती. तिने माझं सगळं ऐकलं. शेवटी म्हणाली, "तुमी आज सांगून राह्यल्या. मी तिले दारातून हाकललं, माह्या नवऱ्याची बहीण होती ती." मग म्हणाली, "हे लिहून द्या."

मी उद्या देते म्हटलं. रात्री चंद्रपूरच्या एका डॉक्टर मित्राला फोनवर विचारलं. तो म्हणाला, वेड लागलंय का, लेखी काही देऊ नकोस, या आजारात माणसं अशीही मरतात, कुणी सिद्ध करू शकणार नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सिद्ध करता आलं नसतं.

सकाळी माझ्या लेटरहेडवर मराठीत लिहिलं. मनोहरच्या हातावर चट्टे आले तेव्हा त्याच्या बहिणीने नागपूरला फोन करायला दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्याची नेहमीची गोळीही मी बंद केली. शेवंताबाईंच्या पेशी चांगल्या होत्या, त्यांना आवरणारं औषध मी थांबवलं. खाली सही, शिक्का. पहिल्या कागदावर मी 'कदाचित' हा शब्द तीनदा वापरला होता. तो फाडून दुसरा लिहिला.

सरिताने तो कागद नेऊन शेवंताबाईंना वाचून दाखवला, असं वनिता म्हणाली. दोघी बराच वेळ अंगणात बसल्या. मुलगी आता सुट्टीत आत्याकडे जाते. सरिता जात नाही, आणि शेवंताबाई तिच्या घरी जेवत नाहीत. सगळं पहिल्यासारखं व्हावं अशी माझी फार इच्छा होती, पण ती माझ्या सोयीची इच्छा होती.

त्याच कागदावरून सरिताने माझी तक्रार केली. करायलाच हवी होती. चौकशी झाली. परिसरात ट्रान्सप्लांटचे पेशंट दुर्मिळ, आजार ओळखायला अवघड, पावसाळी परिस्थिती, अशी कारणं समितीने स्वतःच शोधून काढली आणि मला ताकीद देऊन सोडलं. फोनचा मुद्दा मी दोनदा मांडला. तो त्यांनी टिपणात घेतला नाही.

मागच्या महिन्यात वनिताने गावात रक्ताची गरज पडली तेव्हा शेवंताबाईंना पुन्हा विचारून पाहिलं. कागद वाचून झालेला होता, दोष आपला नाही हे त्यांना पटलेलं होतं. तरी त्या नाही म्हणाल्या. का, ते सांगितलं नाही.

आजार कशामुळे झाला हे सांगणं वेगळं आणि आपण काय चुकलो हे सांगणं वेगळं. पहिलं खरं असतं, म्हणून त्याच्या आड दुसरं सहज झाकता येतं. हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं, तेही दुसऱ्याच्या किमतीवर. आता कुणी नातेवाईक म्हणाला की मोठ्या दवाखान्याने फोन करायला सांगितलं आहे, तर मी आधी फोन लावते आणि मग पेशंटला हात लावते. बहुतेक वेळा काही निघत नाही. पलीकडचे डॉक्टर वैतागतात, कधी हसतातही. हसू देत.